२००९ पासून रखडलेला सेंच्युरियन: ट्रॅकने चाकं खाल्लीत, काय करू?

माळ्यावरचा_रणगाडा:
मंडळी, टामिया कंपनीचा सेंच्युरियन मार्क ३ हा ब्रिटिश रणगाडा, १/३५ मापाचं प्लॅस्टिक मॉडेल. २००९ मध्ये, बीईच्या शेवटच्या वर्षाला सुरू केला. खालचा सांगाडा झाला, चाकं बसली, ट्रॅक (चाकांवरचे साखळपट्टे) चढवले आणि मग नगरचं रणगाडा संग्रहालय बघून आलो. तिथून घोडं पेंड खायला लागलं. करायचा तर आपल्या पुणे हॉर्स रेजिमेंटचाच, १९७१ ची बसंतरची लढाई, परमवीर चक्रवाल्या अरुण खेत्रपालांचा 'फॅमागुस्टा' नावाचा रणगाडा! मग कळलं की आपल्या सैन्याकडे होते मार्क ५ आणि ७. नंतरच्या तोफेच्या नळीवर असतो तो धूर खेचणारा फुगवटा माझ्या खोक्यात नाहीच. बॉलपेनाच्या नळीवर पुट्टी थापून केला. शेवग्याच्या शेंगेला गाठ आल्यासारखा दिसला. खोका माळ्यावर.

परवा काढला. ट्रॅक चाकांना चिकटलेत. एक ओढला तर चाकाची कड वितळून त्यात ट्रॅकची नक्षी उमटलेली. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) हळदीसारखे पिवळे. टाकून देऊ का?

पुट्टीवाला:
टाकू नकोस रे! जुन्या व्हायनिल ट्रॅकमधलं मऊ ठेवणारं द्रव्य प्लॅस्टिकला खातं. सगळ्यांचं होतं. उरलेले ट्रॅक ओढू नको, पातळ ब्लेड सरकवत सोडव. मग चाकं अशी फिरव की खड्डा बरोबर खाली येईल, पुन्हा ट्रॅकवरच टेकेल. चिकटवली असशील तर कापून काढ. वरची बाजू स्कर्टमागे, म्हणजे बाजूच्या पत्र्यामागे जाते, तिकडे वेळ घालवू नको. ट्रॅक मात्र कडक प्लॅस्टिकचे, सुट्या कड्यांचे घे. तेच परत घातलेस तर दहा वर्षांनी हाच धागा काढशील.

सदाशिवपेठी:
डेकल झिपच्या पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला आतून चिकटवा. माझे पंधरा दिवसांत पांढरे झाले. आत्ताच करा, पावसाळ्यात सूर्य उसना आणावा लागेल. नको असलेला एक आधी पाण्यात टाकून बघा. तुकडे झाले तर बाकीच्यांवर ग्लॉस वार्निशचा हात द्या.

तोफखाना_काका:
स्पष्ट बोलतो. तुझं मॉडेल ट्रॅकने नाही, फॅमागुस्टाने अडवलंय. मार्क ३ हा मार्क ३ म्हणूनच कर. एट्थ हुसार्स या ब्रिटिश रेजिमेंटने हेच रणगाडे कोरियाच्या युद्धात नेले होते, १९५१ मध्ये इमजिन नदीवर लढले. चिखल थाप. खाल्लेली चाकंही झाकतील.

माळ्यावरचा_रणगाडा:
काका, लागलं, पण पटलं. गाठ कापली, मूळ नळी बसवली. बारापैकी नऊ चाकं फिरवून जमली. तीन पक्की चिकटलीत, उजवीकडची. ती बाजू भिंतीकडे. डेकल खिडकीवर आहेत, आई विचारते हे कसलं औषध वाळत घातलंय. आता सांगा, कोरियातला चिखल कुठल्या रंगाचा? आपल्यासारखा काळा तर नसणार.