विषय: नागपूरच्या वर्गाला जोडीने बसायचे, पण जोडी कोणाची?

धरमपेठेहून, माजी खजिनदार

सप्रेम नमस्कार.

लेक बाळंतपणासाठी माहेरी सुखरूप पोहोचली असून तिला २९वा आठवडा लागला आहे. धंतोलीतील ज्या रुग्णालयात नाव घातले आहे, तेथील वर्ग चार शनिवारांचा असून कळांच्या वेळचा श्वास, बसण्या-वळण्याच्या पद्धती आणि कंबर दाबून देणे हे सारे ते सोबत्याकडून करवून घेतात. जावई मात्र ३७व्या आठवड्याआधी तिकडून निघू शकत नाहीत. घराजवळच्या गर्भसंस्कार वर्गात आहार, श्लोक आणि आसने उत्तम आहेत, पण कळा सुरू झाल्यावर काय करायचे, असे विचारताच बाईंनी ‘ते डॉक्टर सांगतील’ म्हणून विषय संपवला. जावयांना संगणकावरून धंतोलीच्या वर्गाला बसवावे का?

ग्रंथालय विभाग

काकू, त्याआधी प्रसूतिकक्षात पुरुषाला प्रवेश आहे का, एवढे विचारून घ्या. सुनेच्या वेळी (रुग्णालयाचे नाव लिहीत नाही) माझ्या मुलाने दोन महिने धडे गिरवले आणि ऐन वेळी, खोलीत तीन खाटा आहेत म्हणून, त्याला जिन्यात उभे केले. आत गेले मी, आणि कंबर नेमकी कोठे दाबायची हे मला ठाऊक नव्हते! केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एका व्यक्तीला राहू देण्यास मान्यता दिली. खासगी ठिकाणी मात्र ज्याचा त्याचा नियम असतो.

आरोग्य समिती

वैद्यकीय प्रश्न आधी समितीकडे यावेत, असे ठरले होते, असो. श्वासाचे तंत्र १९५१ मध्ये सोव्हिएत संघातून फ्रान्समध्ये नेणाऱ्या डॉ. लामाझ यांचे नाव सांगणारे वर्ग पुष्कळ आहेत, परंतु श्वास म्हणजे संपूर्ण वर्ग नव्हे. कळा कमी करणारे कमरेतील इंजेक्शन कधी मिळते, सिझेरियन का करावे लागते, पहिल्या तासात बाळाला पाजायचे कसे, हे तेथे शिकवतात का ते पाहावे. घरून केव्हा निघायचे, हेही तेथे पक्के व्हायला हवे: पहिलटकरणीच्या कळा पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येकी मिनिटभर, अशा तासभर येत राहिल्या की निघावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. पाणी गेले, रक्त दिसले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र कळांची वाट पाहू नये.

प्रतापनगरहून, जुने सदस्य

डॉक्टरसाहेब, समितीची बैठक गेल्या दिवाळीनंतर झालेलीच नाही, तेव्हा काकूंनी पत्र पाठवायचे तरी कोणाकडे? आणि तासभर कळा मोजण्याचा संकेत सांगताना संध्याकाळी बर्डीवरून गाडी काढायला लागणारा वेळही धरावा.

आरोग्य समिती

बैठकीचे इतिवृत्त माझ्याकडे आहे.

धरमपेठेहून, माजी खजिनदार

रुग्णालयात विचारून आले. कक्षात दुसरी बाळंतीण असल्यास पुरुषाला प्रवेश नाही, आणि त्या दिवशी ती असेल की नसेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे शनिवारी लेकीसोबत मीच बसणार आहे. पाजणे आणि लंगोट यांसाठीचा शेवटचा तास जावयांना संगणकावरून दाखवू द्यायला तेथील बाईंनी होकार दिला आहे. शुल्क जोडीचे एकच आहे, सतरंजी मात्र घरून न्यायची आहे. माझ्या गुडघ्यांसाठी एक पाट न्यावा का, ते ग्रंथालयवाल्या वहिनींनी कळवावे.