मदत हवी आहे: पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी बाहेरून कॅमेरा दिसत नाही

मंडळी नमस्कार. मी जुळे सोलापूरला राहतो, आमचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. तिथल्या डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) कॅमेरे घरून बघायचेत. कारखान्याच्या वायफायवर सगळं झकास दिसतं, पण मोबाइल डेटावर आलो की नुसतं चक्र फिरत बसतं.

डीव्हीआरला १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा दिलाय. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून ८००० आणि ५५४ या पोर्टवर येणारी जोडणी त्याच्याकडे वळवली, दोन्ही टीसीपी. फायरवॉल पाच मिनिटं पूर्ण बंद करून पाहिली (लगेच चालू केली, ओरडू नका), तरी बाहेरून पोर्ट बंदच.

काल एक गोष्ट लक्षात आली. राउटरच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेट जोडणीच्या) पानावर आयपी १००.७२ ने सुरू होतो, आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर भलताच येतो. म्हणजे हे सीजीनॅट ना (नेटवाला एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटतो ते)? तसं असेल तर माझे नियम कितीही बरोबर असले तरी उपयोग शून्य.

नेटवाल्याला फोन केला तर म्हणे, "राउटर बंद करून चालू करा." तीनदा केलं.

आता स्टॅटिक आयपीसाठी (आपला एकट्याचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) दरमहा जादा पैसे मोजू, की वायरगार्ड, टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, सुरक्षित जोडणी) लावू? डीव्हीआर जुना आहे, त्यामुळे तो थेट इंटरनेटवर उघडा टाकायची भीतीही वाटते. कारखान्यात एक जुना पीसी दिवसभर चालू असतो, त्यावर जमेल का?