मदत हवी आहे: भुताटकीची राईड, पण पाच वर्षांच्या पोरालाही झेपेल अशी

नमस्कार मंडळी,

डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी मनोरंजन उद्यानातला भुताटकीचा विभाग घेतलाय. विषय निवडताना मजा वाटली होती, आता झोप उडालीय. मार्गदर्शकांची अट एकच: राईड्स कौटुंबिक हव्यात. म्हणजे पाच वर्षांचं पोर, त्याची आजी आणि 'ह्यात काय घाबरायचं' म्हणणारा चौदा वर्षांचा दादा एकत्र बसणार, आणि उतरताना कोणी रडत नको की जांभया देत नको.

तीन राईड्स धरल्यात. चेटकिणीच्या कढया (गोल फिरणारे मोठे कप असतात तशाच), एक बुटका रोलर कोस्टर आणि मुख्य आकर्षण म्हणून भूतबंगल्याची डार्क राईड (गाडीत बसून अंधाऱ्या बोगद्यातून दृश्यं बघत जायची). पहिल्या दोघींचं फारसं टेन्शन नाही. तिथे भुताटकी नुसती सजावटीत आहे, पोटात गोळा आणायचं काम वेग करतो. घोडं अडलंय ते डार्क राईडपाशी.

गेल्या रविवारी खोकी आणि काळ्या चादरी लावून घरातच बोगदा केला, चाकांच्या खुर्चीत भाचीला बसवलं आणि ढकलत नेलं. मध्येच पुठ्ठ्याचा सांगाडा टुणकन पुढे यायचा. म्हटलं, इथे किंचाळणार. बाईसाहेबांनी त्याच्याशी शेकहँड केला! पुढच्या वळणावर मात्र काहीच नव्हतं, कारण तिथलं चित्र रंगवायचं राहिलं होतं. नुसता चार-पाच सेकंदांचा काळोख. तिथे तिने जे भोकाड पसरलं ते पार संध्याकाळपर्यंत पुरलं. आठवडाभर खपून केलेलं भूत विनोदी ठरलं आणि रिकाम्या कोपऱ्याने काम तमाम केलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, त्याला बहुधा रिकामी जागाच लागते.

मग लक्षात आलं की ती भर उन्हातून थेट आत आली होती. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि माझी राईड आहे पाच मिनिटांची. पहिल्या दृश्यात काहीही मांडलं तरी बघणारे अर्धे आंधळेच.

थोडं वाचन केलं. डिस्नीलँडचं हाँटेड मॅन्शन १९६९ साली सुरू झालं, पण इमारत बाहेरून १९६३ मध्येच उभी होती. आत काय असावं यावरचा वाद मला फार ओळखीचा वाटला. डिस्नीच्या दोन डिझायनरांपैकी क्लॉड कोट्स यांना उदास, गूढ जागा हवी होती, मार्क डेव्हिस यांना विनोदी पात्रं. शेवटी दोन्ही ठेवलं: आधी निर्मनुष्य, अंधारे कॉरिडॉर आणि मग नाचणारी-गाणारी भुतं. मोठ्यांसाठी क्रम झकास आहे, माझी भाची मात्र पहिल्या भागातच गारद झाली असती. दुसरं टोक म्हणजे हाँगकाँग डिस्नीलँडचं मिस्टिक मॅनर (२०१३). तिथे भूतच नाही. एक माकड जादूची पेटी उघडतं आणि संग्रहालयातल्या वस्तू जिवंत होतात. सुंदर कल्पना, पण दादा विचारणार, 'भूत कुठाय?'

तर विचारायचं असं की क्रम उलटा करावा का? म्हणजे भुताची ओळख रांगेतच, हसत-खेळत करून द्यायची आणि गूढ भाग मागाहून आणायचा. आणि दुसरं, गाड्या कुठल्या घ्याव्यात? ओम्निमूव्हर (न थांबता सरकणारी गाड्यांची साखळी) घेतली, दोन जणांची गाडी दर ४ सेकंदांनी, तर तासाला १,८०० माणसं होतात. चार जणांच्या सुट्या गाड्या दर २० सेकंदांनी सोडल्या तर जेमतेम ७२०. पण दोघांच्या गाडीत तिघांपैकी एक जण एकटा पडतो, आणि तो दादाच असेल याची खात्री नाही.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. चुकत असेन तर सरळ झोडपा.

प्रतिसाद १

राईड चालवणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी रुक्ष बोलतो. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये 'आग' हा शब्द एकदाही नाही. सिडनीच्या लूना पार्कमध्ये १९७९ साली घोस्ट ट्रेनला आग लागून सात जण गेले, त्यात सहा मुलं होती. न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचरमधल्या हाँटेड कॅसलमध्ये १९८४ साली आठ किशोरवयीन मुलं गेली. अशा जागेत किंचाळी खरी की खोटी हे बाहेरच्याला कळत नाही, आणि आतल्याला दार सापडत नाही. स्प्रिंकलर हवेतच. शिवाय धूर ओळखला गेला की सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत आणि भुतांचे आवाज बंद पडले पाहिजेत. हे नकाशाच्या पहिल्या कागदावर यायला हवं, शेवटच्या नाही.

ड्राय आइसचा धूर बंद बोगद्यात टाळा. तो कार्बन डायऑक्साइड असतो, हवेपेक्षा जड. खाली साचतो, म्हणजे नेमका लहान मुलांच्या नाकाशी. फॉग मशीनचा धूर घ्याल तर तो स्मोक डिटेक्टरला फसवतो, ते आधीच सोडवून ठेवा.

गाडीबद्दल: आजी आणि पोर एकाच दांड्याखाली (मांडीवर येणारा सुरक्षेचा दांडा) बसले की दांडा आजीच्या पोटाशी अडतो आणि पोर सैल राहतं. प्रत्येकाला स्वतंत्र दांडा द्या. ओम्निमूव्हरचे १,८०० कागदावरचे आहेत. कोणाला चालत्या पट्ट्यावरून चढता आलं नाही की अख्खी साखळी हळू करावी लागते किंवा थांबवावी लागते.

आणि गाडीत बसायच्या अगदी आधी एक बाहेरची वाट ठेवा. धंद्यात तिला 'चिकन एग्झिट' म्हणतात, पाटीवर अर्थातच हे नाव नको.

प्रतिसाद २

नाटकाच्या प्रकाशयोजनेतून लिहितोय. पेपर्स घोस्ट बघा. १८६२ सालची लंडनच्या रंगमंचावरची युक्ती: प्रेक्षकांसमोर तिरपी काच, बाजूला लपवलेली खोली. खोलीतल्या माणसावर दिवा टाकला की त्याचं प्रतिबिंब रंगमंचावर पारदर्शक भूत होऊन उभं राहतं. हाँटेड मॅन्शनच्या नाचाच्या दालनात तीच युक्ती आहे. तुमच्यासाठी फायदा हा की असं भूत अंगावर येत नाही, ते लांबून बघायचं असतं. फक्त काचेची मांडणी तपासताना स्वतः गुडघ्यावर बसा. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे गाडीत तुमच्यापेक्षा बरेच खाली असतात, आणि तिथून कधीकधी लपवलेली खोलीच दिसते.

प्रतिसाद ३

वरच्या मुद्द्याला +१, आणि त्याचा उलटा उपयोगही करा. मुलांच्या नजरेच्या उंचीवर गमती ठेवा, भयानक ते वर छताजवळ. दादा आपसूक वर बघेल.

मी लहान मुलांना शिकवते. भाची सांगाड्याला घाबरली नाही कारण तिला त्याच्याशी काहीतरी करता आलं. काळोखात करण्यासारखं काहीच नव्हतं. प्रत्येक गाडीत एक 'कंदील' द्या, मुलाने बटण दाबलं की समोरचं भूत दचकावं. मग घाबरवणारं मूलच होऊन जातं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आगीचं वाचून खरंच ओशाळलो. आज सगळं बाजूला ठेवून आधी बाहेर पडायच्या वाटा काढल्या, त्यात दोन वळणं उडाली. सुट्या गाड्या पक्क्या, चार स्वतंत्र दांड्यांच्या. क्रम उलटाच ठेवतोय: रांगेचे तीन टप्पे, प्रत्येक आधीच्यापेक्षा अंधारा, आणि दुसऱ्या टप्प्यात सांगाडा शेकहँडला उभा.

कंदिलाची कल्पना भाचीवर बॅटरी देऊन लगेच करून पाहिली. त्याच रिकाम्या वळणावर तिने मला तीन वेळा मागे न्यायला लावलं. आता नवा घोळ: गाडीत कंदील एक आणि भावंडं दोन असतील तर? प्रत्येकाला एक द्यायचा, की कुणाच्या बटणाने काय होतं हे वेगळं ठेवायचं? कोणी असं काही केलंय का?