अनुभव धागा : दुबईत घर, भाड्याचं आन् विकतचं

गोदाकाठ
दुपारी दोनला गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ उघडला आन् हात चटकन मागं आला. दुबईची न्हाणी आठवली. तिथं जून ते सप्टेंबर गार नळाला असंच कढत पाणी येतं. आपल्याकडची बरीच पोरं तिकडं हायेत, काही जण आता फ्लॅट बघायलेत, म्हणून धागा काढला. जे माहीत आहे ते आकड्यासकट लिहा. समुद्र दिसतो का नाही ते मागून बघू.

सुरुवात माझी. उन्हाळ्यात गिझर बंद ठेवायचा आणि आंघोळीला गरम पाण्याचा नळ सोडायचा. हो, उलटंच. गिझर घराच्या आत, बाथरूमच्या छतात असतो. बंद असला की त्यातलं पाणी रातभरात निवतं. गार नळाला मात्र थेट टाकीतलं तापलेलं येतं. पण गिझर साधारण ५० लिटरचा. दोन बादल्या झाल्या की मागून टाकीचं पाणी शिरतं आणि संपली मजा.

परभणीकर
जगात जर्मनी, भारतात परभणी, आन् न्हाणीत दुबई 😄

चिलरवाला
जाहिरातीत "चिलर फ्री" (म्हणजे गारव्याचं बिल भाडेकरूवर नाही) लिहिलंय का ते आधी बघा. बऱ्याच इमारतींत प्रत्येकाचा वेगळा एसी नसतो. थंड पाणी बाहेरच्या प्लांटमधून पाइपानं येतं आणि घरात फक्त पंखा-कॉइलचा डबा असतो. त्याचं बिल विजेपेक्षा वेगळं. त्यात दोन भाग : जितकं वापरलं तितकं एक, आणि जोडणीच्या क्षमतेचा ठरावीक आकार दुसरा. घर कुलूपबंद असलं तरी हा दुसरा सुटत नाही. म्हणून मालकाकडून मागच्या ऑगस्टचं बिल मागायचं. जानेवारीचं दाखवायलाय म्हणजे काय ते समजून घ्या.

सुट्टीत गावाकडं येताना एसी पूर्ण बंद करू नका. २६-२७ वर ठेवून या. बंद घरात दमट हवा कोंडते, गाद्या, चामडी चपला, कपाटाची पाठ, सगळ्यावर बुरशी. फिल्टर महिन्याला धुवा. आणि डब्याखालच्या ट्रेची निचऱ्याची नळी : धूळ आणि शेवाळ मिळून चिखल होतो, नळी तुंबते, पाणी जिप्समच्या छतातून ठिबकतं. छताला चहाच्या डागासारखं गोल दिसलं की पहिली शंका तिच्यावर.

कूलरप्रेमी_बीड
येवढं कामून? आपला वाळ्याचा कूलर न्यायचा की.

चिलरवाला
नका नेऊ दादा. बीडला मे महिन्यात हवा ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली तर ओल्या फडक्याचं तापमान (पाणी उडून हवा जास्तीत जास्त जितकी गार होईल ती हद्द) २२ च्या आसपास, म्हणून बरा कूलर २७ पर्यंतची हवा देतो. दुबईत ऑगस्टात ४० अंश आणि ५० टक्के आर्द्रता धरा. तिथं ओलं फडकंच ३१ वर, कूलर फार तर ३३ ला आणणार, आणि घर कपडे धुतल्यासारखं ओलं. आपल्याकडं मिरग बरसला की कूलर नुसता चिकचिक करतो ना, तेच.

लातूरची_लेक
पाण्याचं कुणी लिहीना. समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला २४ तास. आमच्या लातूरला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळं पहिल्या दिवशी कुणीही पाणी भरून ठेवायला पातेली शोधतं, ती सवय जात नाही. बिलात पाणी लिटरमध्ये नाही, मोठ्या मापात मोजतात (जुन्या बिलांत गॅलन, एक गॅलन म्हणजे सुमारे ४.५५ लिटर). आकडा लहान दिसतो म्हणून फसू नका. जेट स्प्रेची गळती बघा. आणि बिलात "हाउसिंग फी" दिसली की घाबरू नका : वर्षाच्या भाड्याच्या ५ टक्के, बारा महिन्यांत वाटून याच बिलात येते. भाडेकरूची वीज-पाण्याची अनामत फ्लॅटला २,००० दिरहम, व्हिलाला ४,०००.

परभणीकर
पातेली 😂 आमच्या मातोश्री इथं सात दिवसांनी नळ आला की वाट्यासुद्धा भरतात.

कागदवाला
विकत घेणाऱ्यांनी हे लिहून घ्या. १० लाख दिरहमचा तयार फ्लॅट, परदेशी माणसाचं पहिलं घर, कर्ज जास्तीत जास्त ८० टक्के. म्हणजे २ लाख पदरचे. वरून जमीन विभागाची ४ टक्के फी, ४०,०००. कायद्यात ती घेणारा-विकणारा निम्मी निम्मी, व्यवहारात सगळी घेणाऱ्याच्या गळ्यात. दलाली २ टक्के अधिक ५ टक्के व्हॅट, २१,०००. नोंदणी जिथं होते त्या ट्रस्टी कार्यालयाचे ४,२००. कर्जाची नोंद पाव टक्का अधिक २९०, म्हणजे २,२९०. झाले ६७,४९०. बँकेची फी, घराचं मूल्यांकन याच्या बाहेर. ही रक्कम रोख हाताशी पाहिजे. "बँक बघून घेईल" म्हणणाऱ्या एजंटापासून दूर राहा.

क्रम असा : बँकेची पूर्वमंजुरी, मग फॉर्म एफवर (खरेदी-विक्रीचा करार) सह्या आणि १० टक्क्यांचा चेक (एजंटाकडं जपून राहतो, वटवायचा नसतो), मग बिल्डरची एनओसी (ना हरकत दाखला), मग ट्रस्टी कार्यालयात एकाच बैठकीत चेक आणि मालकीपत्राची अदलाबदल. लोक अडकतात एनओसीला. विकणाऱ्याची सर्व्हिस चार्जची (इमारतीच्या देखभालीचा आकार) बाकी असेल तर ती फिटल्याशिवाय बिल्डर देत नाही. सर्व्हिस चार्ज चौरस फुटाला वर्षाचा असतो. समजा ८०० फूट आणि दर १८ दिरहम, तर वर्षाला १४,४००, भाडेकरू असो नसो. 'दुबई रेस्ट' अॅपवर इमारतीचा मंजूर दर दिसतो, एजंटाला विचारूच नका.

पैठणगेट
बांधकाम चालू असलेलं स्वस्त पडतं म्हणतात?

कागदवाला
पडतं, पण त्यात बँक ५० टक्क्यांच्या वर देत नाही. पैसे फक्त प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यात (त्याच प्रकल्पासाठी राखून ठेवलेलं बँक खातं). तो २००७ चा कायदा क्रमांक ८. दुसऱ्या कुठल्याही खात्याचा नंबर आला तर तिथूनच उठा. आणि 'ऊकूद' (बांधकाम चालू असलेल्या घराची सरकारी नोंद) झाल्याचा कागद हातात घ्या, नुसती बुकिंगची पावती कामाची नाही.

हिशेबनीस
जे इथं राहून तिथं घ्यायलेत त्यांच्यासाठी. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, आर्थिक वर्षाचा हिशेब. १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आधीच वसूल केलेला आयकर) कापते. तो परत मिळतो किंवा करात वळता होतो, पण तोवर पैसा अडकलाच ना. त्याची तजवीज आधी. यासाठी इथल्या बँकेचं कर्ज काढून पैसे पाठवता येत नाहीत. घर झालं की दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेच्या रकान्यात दाखवायचंच, त्यात वर्ष जानेवारी ते डिसेंबर धरतात. विसरलं तर दंड १० लाखांपर्यंत. तिथं कर नाही म्हणून इथंही नाही असं नसतं वो. इथल्या रहिवाशाला त्या भाड्यावर इथं कर आहे.

शेतकरी_पोरगं
विषय सोडून विचारतो. भाऊ दुबईत नोकरीला हाय, त्याच्या नावानं गावाकडं दोन एकर घेता येईल का?

हिशेबनीस
अनिवासी झाला असेल तर शेतजमीन विकत नाही घेता येत, फार्महाउसही नाही. वडिलांकडून वारसानं सातबाऱ्यावर नाव लागायला हरकत नाही.

शेतकरी_पोरगं
बरं झालं विचारलं, इसार द्यायलो होतो उद्या 🙏

लातूरची_लेक
भाड्यानं राहणाऱ्यांनो, मालक उगाच "वाढवून द्या" म्हणाला तर ९० दिवस आधीची सूचना मागा. किती वाढवायचं तेही त्याच्या मनावर नाही. तुमचं भाडं त्या भागाच्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंत कमी असेल तर वाढ शून्य, ११ ते २० टक्के कमी असेल तर ५ टक्के, असं करत वीसपर्यंत. घर विकायचंय म्हणून काढत असेल तर १२ महिन्यांची नोटीस, तीही नोटरीमार्फत नाहीतर रजिस्टर पोस्टानं. व्हॉट्सअॅपवरची चालत नाही.

गोदाकाठ
ताई 👍 आणि १६ एप्रिल २०२४ चा पाऊस विसरू नका. वाळवंट म्हणून निचऱ्याकडं कुणी बघत नाही. तळघरातलं पार्किंग, पंप, विजेची खोली कोणत्या मजल्यावर आहे, हे वॉचमनला विचारा. बाल्कनीतली जाळी वाळूनं बुजलेली असते, तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा.

पैठणगेट
पुढच्या आठवड्यात मेव्हण्याला ताबा मिळायलाय. तो काय बघेल?

चिलरवाला
बाथरूममध्ये बादली ओतायची, पाणी जाळीकडं जातं का दाराकडं ते बघायचं. एसी तीन तास चालवून ट्रे तपासायची. सरकत्या दाराच्या फटीला कागद लावायचा, हलला तर धूळ येणारच. सगळं लेखी द्यायचं : वायरिंग, नळ, एसीच्या दोषांना ताब्यापासून एक वर्ष, इमारतीच्या मूळ बांधणीला दहा. आणि टाइल नाण्यानं ठोकत जायचं, कोपऱ्यापासून.

पैठणगेट
नाणं कोणतं?

चिलरवाला
एक दिरहम नाहीतर आपलं दहाचं. पोकळ टाइल दोन्हीला सारखीच वाजते.