छोटे, भन्नाट गेम सापडतात कुठे? माझं म्हणणं: दुकानाच्या यादीत नाही, माणसांकडे

पेठरोडकर

गेल्या रविवारी भाचा घरी आला होता. बारावीची परीक्षा संपलेली, हातात मोकळा वेळ. माझ्या लॅपटॉपवर स्टीम, म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, उघडून अर्धा तास नुसती यादी वरखाली करत बसला आणि शेवटी म्हणाला, "मामा, खेळायला काहीच नाहीये." ज्या दुकानात आजकाल वर्षाला दहा हजारांहून जास्त नवे गेम येतात, तिथे बसून पोरगं असं म्हणतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. त्याचा दोष नाही. आधी जे खेळलं त्याच्याच जातीचं यादी पुढे करत राहते. गोळीबार खेळलास? हा घे आणखी गोळीबार.

मग मी त्याला 'द रिपब्लिया टाइम्स' लावून दिला. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, वीसेक मिनिटांत संपतो. तुम्ही एका हुकूमशाही देशातल्या सरकारी वर्तमानपत्राचे संपादक. कुठली बातमी घ्यायची, कुठली गाळायची, कुठली मोठी लावायची, एवढंच काम. बायको-मूल सरकारच्या ताब्यात, त्यामुळे हात थरथरतो. लुकास पोप नावाच्या एका माणसाने २०१२ साली लुडम डेअर या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या मुदतीत गेम करून दाखवायच्या मेळ्यात, दोन दिवसांत तो केला. भाच्याने तीनदा खेळला. जेवायला हाका माराव्या लागल्या.

आता माझा मुद्दा. गेम शोधू नका, करणाऱ्याचा माग काढा. याच पोपने पुढच्या वर्षी 'पेपर्स, प्लीज' काढला, त्यात तुम्ही सीमेवरच्या चौकीत पासपोर्ट तपासता. २०१८ मध्ये 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' आला: ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक एका परत आलेल्या रिकाम्या जहाजावर चढतो आणि ६० माणसांचं काय झालं याचा हिशेब लावतो. तिन्ही गेममध्ये एक साधा नोकरदार आणि त्याच्या हातातले कागद. एका लेखकाची पुस्तकं ओळीने वाचावीत तसं हे लागतं, आणि कुठलीही यादी तुम्हाला ते असं ओळीने देत नाही.

आणखी एक. आपला नाशिकचा पेठ रोड धरून घाट उतरलात की कपराडा, पुढे पारडी, वापी. त्या वापीला लागून असलेल्या चला गावात स्टुडिओ ओलिओमिंगस आहे. त्यांच्या एका गेममध्ये इमारती खाणारा माणूस आहे. इमारती खाणं म्हणजे त्यांचा इतिहास पुसून टाकणं. जगभरच्या प्रदर्शनांत त्यांचं काम लागतं. आपल्याकडे मी दहा गेमवेड्यांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. घाटाखालचे शेजारी आहेत हो आपले!

म्हणून सुचवतो: महिन्यातून एका रविवारी कॉलेज रोडला कुठेतरी भेटू. प्रत्येकाने एकच छोटा गेम आणायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा. काय वाटतं?

सेकंडशिफ्ट_सातपूर

पेठरोडकर, तळमळ पोचली, पण सहमत नाही. मी सातपूरला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. सेकंड शिफ्ट सुटून घरी येतो तेव्हा साडेबारा वाजलेले असतात. झोप येईपर्यंत एक तास माझा. त्या तासात मी कर्त्याचा माग काढू की खेळू?

आणि यादीला एवढी नावं का ठेवता? 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' मला यादीनेच दिला. इटलीचा एक माणूस, दिसायला साधा गेम, किंमत दोन चहा आणि मिसळीएवढी. २०२३ मध्ये त्याला ब्रिटनच्या बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार मिळाला, मोठमोठ्या कंपन्यांना मागे टाकून. 'बालाट्रो'ही तसाच. पत्ते, एकट्या माणसाचं काम. दोन्ही माझ्यासमोर आपोआप आले. शोध हे दुकानाचं काम आहे, गिऱ्हाइकाचं नाही. लासलगावला कांदा घ्यायला गेलेला व्यापारी प्रत्येक शेतकऱ्याच्या वावरात जातो का? लिलावात माल समोर येतो, तो बघून बोली लावतो.

पेठरोडकर

उदाहरण तुमचंच घेतो. 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' डिसेंबर २०२१ मध्ये स्टीमवर आला तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. जानेवारीत काही यूट्यूबवाल्यांनी तो स्वतः खेळून दाखवला आणि मग गर्दी झाली. गर्दी दिसल्यावर यादीने वर चढवला. आधी माणूस, मग यादी. तुमच्यापर्यंत येईस्तोवर ते आधीचं माणूस दिसेनासं झालेलं असतं, इतकंच.

लासलगावात माल निदान ट्रॉलीत उघडा दिसतो. इथे दहा हजार ट्रॉल्या उभ्या आणि पहिल्या वीस सोडल्या तर सगळ्यांवर ताडपत्री.

इंदिरानगरची_मावशी

मी गेम खेळत नाही. भाचरं खेळतात म्हणून हे वाचते आहे. आमच्या सोसायटीत 'गेम' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पैसे लावायचे रमीचे अॅप येतात, कारण त्यात घरं बुडालेली पाहिली आहेत. २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली हे फार चांगलं झालं. पण तुम्ही सांगता ते वर्तमानपत्राचं प्रकरण वेगळंच दिसतंय. हा फरक तुम्ही लोक कुणाला समजावून का सांगत नाही? आईबापांना दोन्ही एकच वाटतं.

बाकी पेठरोडकरांचं म्हणणं मला वाचनालयावरून पटतं. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, मीही चाळीस वर्षं सभासद आहे. कपाटातून स्वतः शोधून मी जी पुस्तकं वाचली त्यातली बरीचशी विसरले. काउंटरवरच्या बाईंनी "हे न्या, तुम्हाला आवडेल" म्हणून दिलेली आठवतात. त्यांना मी माहीत होते.

आणि खेळातून काही सांगता येतं हे आपल्याला नवीन नाही. मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात, आणि त्यांचे थोरले बंधू निवृत्तीनाथ आपल्या त्र्यंबकला समाधिस्थ आहेत. शिडी म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण. तोही छोटाच खेळ की.

चारजीबी

माझा लॅपटॉप जुना आहे, रॅम चार जीबी. यातलं काही चालेल का?

पेठरोडकर

चारजीबी, आरामात. पिको-८ वर केलेले गेम बघा. ही एक काल्पनिक गेम-मशीन आहे: पडदा १२८ बाय १२८ ठिपक्यांचा, रंग १६, अख्खा गेम एका छोट्याशा चित्राच्या फाइलमध्ये मावतो. ते चित्र मित्राला पाठवलं म्हणजे गेम पाठवला. ब्राउझरमध्येही चालतात. २०१८ चा गाजलेला 'सेलेस्ट' मुळात पिको-८ वर चार दिवसांत केलेला लहानसा गेम होता, आणि मोठ्या गेमच्या पोटात तो मूळ लहान गेम लपवून ठेवलेला आहे. आधी लहान खेळा. उडी चुकली की तोच पडदा पुन्हा पहिल्यापासून, पण राग येत नाही.

मावशी, काउंटरवरच्या बाई! अगदी हेच मला म्हणायचं होतं.

कोडकाम

दोन दिवस हा धागा वाचतोय. आता लिहितो, थोडं लांबेल.

मी गेम करतो. नोकरी सांभाळून रात्री, गोदो नावाच्या गेम करायच्या सॉफ्टवेअरवर. तीन वर्षांत एक कोड्यांचा गेम पुरा केला. द्राक्षाचं पॅकहाउस आहे, प्री-कूलिंगची, म्हणजे माल आधी थंड करायची, वेळ ठरलेली, कंटेनर सुटायच्या आत पनेट, म्हणजे द्राक्षांच्या छोट्या डब्या, अशा लावायच्या की घड दबला नाही पाहिजे. माझं आजोळ पिंपळगावचं, लहानपणी हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. गेम एका मोठ्या दुकानात लावला. नाव घेत नाही. पहिल्या महिन्यात ४१ प्रती गेल्या, त्यातल्या १२ परत आल्या.

पेठरोडकर, तुम्ही म्हणता तो 'माणसांकडून शोध' माझ्याही वाट्याला आला. नाशिकच्याच एका ग्रुपवर माझा गेम पेनड्राइव्हने फिरला. सहा जणांनी भेटून, फोन करून सांगितलं, "भारी केलाय रे!" सहापैकी एकाने विकत घेतला होता. कौतुक मनापासूनचं होतं, ते मी नाकारत नाही. पण त्यातल्या पाच जणांना हे काम आहे आणि त्याला किंमत आहे, हे सुचलंच नाही. ओळखीच्यांत वस्तू फिरते, पैसे फिरत नाहीत.

उलट त्या ४१ मधले बहुतेक लोक माझ्या ओळखीचे नव्हते. एकाने ब्राझीलमधून लिहिलं की त्याचे वडील फळांच्या गोदामात होते. तो माणूस कॉलेज रोडच्या कट्ट्यावर मला कधी भेटला असता? त्याच्यापर्यंत मला त्या यादीनेच नेलं, तुम्ही जिला नावं ठेवता तिनेच. यादी माझ्यावर अन्याय करते, मान्य. म्हणून ती सुधारा असं मी म्हणेन, सोडून द्या असं नाही.

परत आलेल्या १२ बद्दल. खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असेल तर पैसे परत, असा नियम आहे. माझा गेम दीड तासाचा. म्हणजे पुरा खेळायचा, शेवट बघायचा आणि पैसे परत मागायचे! २०२१ मध्ये परदेशात एका भयकथेच्या गेमच्या कर्त्याने नेमक्या याच कारणाने गेम करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं. कळलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती.

सेकंडशिफ्ट_सातपूर

कोडकाम भाऊ, वाचून वाईट वाटलं. तरी तो परतीचा नियम मला हवा आहे. नियम नव्हता तेव्हा पाचशे रुपयांचा एक गेम घेतला होता, माझ्या मशीनवर सुरूच झाला नाही, पैसे गेले. आता नियम आहे म्हणून मी अनोळखी माणसाचा गेम घ्यायचं धाडस करतो. तो काढलात तर माझ्यासारखा फक्त नावाजलेलंच घेईल, म्हणजे फटका पुन्हा तुम्हालाच. पुरा खेळून परत करणारा मात्र हरामाचं खातो, त्यात दुमत नाही.

कोडकाम

हे मी गिऱ्हाइकाच्या बाजूने कधी पाहिलं नव्हतं. वेळेची मर्यादा गेमच्या लांबीवर ठरावी, एवढं तरी माना.

सेकंडशिफ्ट_सातपूर

मानलं.

पेठरोडकर

पेनड्राइव्हचं ऐकून मान खाली गेली. कोडकाम, तो ग्रुप माझा नाही, पण मीही कॉलेजात हेच केलंय. माझा मुद्दा मात्र मी सोडत नाही. इच.आयओ वर बघा: २०१३ पासूनची गेम विकायची वेबसाइट, विक्रीतला किती हिस्सा तिला द्यायचा ते कर्ता स्वतः ठरवतो, वाटलं तर शून्य. तिथे लोकांनी स्वतःच्या आवडीचे संग्रह करून ठेवलेत. 'पावसाळ्यात खेळायचे', 'आजीला दाखवायचे' असले. मी एखाद्याचा संग्रह उघडतो, त्यातले तीन आवडले की त्या माणसाच्या डोळ्यांवर भरवसा ठेवतो. तोही अनोळखीच असतो, पण माणूस असतो.

कोडकाम

इचवर मीही आहे. तिथे बघे खूप, पाकीट काढणारे थोडे. २०२० मध्ये वांशिक न्यायासाठी त्यांनी मदतनिधीचा गठ्ठा काढला, पाच डॉलर किंवा जास्त द्यायचे आणि गेम वगैरे सतराशेहून जास्त गोष्टी एकत्र मिळायच्या, आणि ८० लाख डॉलरांच्या वर जमले. काम फार मोठं झालं. पण माझ्या ओळखीतल्या ज्यांनी तो घेतला, त्यांनी त्यातले किती उघडले विचारा. मी स्वतः सात.

मेनरोडची_लेक

तुमच्या दोघांच्या भांडणात एक राहिलं. हे सगळे 'भन्नाट' गेम इंग्रजी वाचणाऱ्यांचे आहेत. 'रिपब्लिया टाइम्स'मध्ये मथळे इंग्रजीत, 'पेपर्स, प्लीज'मध्ये कागदांवर कागद. माझी आई मेन रोडला भांड्यांचं दुकान चालवते, डोकं माझ्यापेक्षा तल्लख, पण इंग्रजीला बिचकते. तिच्या हातात काय देणार तुम्ही रविवारी?

मीच सांगते. 'गोरोगोआ', २०१७ चा. जेसन रॉबर्ट्सने चित्रं हाताने काढली, बरीच वर्षं लावली. पूर्ण गेममध्ये वाचायला एक शब्द नाही. चार चौकटी, चौकटींत चित्रं, एक चित्र दुसऱ्यावर सरकवलं की खिडकीचं दार होतं, ताऱ्याचा दिवा होतो. फोनवर चालतो. दुकान बंद झाल्यावर आई गल्ल्याशी बसून खेळायची, अडली की मला दाखवायची नाही, झाकून ठेवायची. तीन रात्री लागल्या. शेवटी म्हणाली, "हे ज्याने केलं त्याला सांग, छान केलंय." कुणी सांगावं लागलं नाही तिला की हा गेम भारी आहे.

'वेन्बा' माहीत असेल तुम्हाला, कॅनडातल्या तमिळ कुटुंबाचा, आईच्या फाटक्या वहीवरून इडली-पुट्टू करायचा. तमिळ मुलीने मला दाखवला तेव्हा ती ज्या जागी रडली, तिथे मला शून्य कळलं. मराठीत असं काही असतं तर कोडकामांच्या पनेटी माझ्या आईला समजावाव्या लागल्या नसत्या. कोडकाम, तुमचा गेम मराठीत आहे का?

कोडकाम

नाही. इंग्रजीत आहे. मराठी घेणारं कोण, असं वाटलं.

एकूण शब्द चारशेच्या आत आहेत. दोन आठवड्यांत करतो.

इंदिरानगरची_मावशी

शुद्धलेखन मी तपासून देईन. पैसे नकोत.

पेठरोडकर

मग ठरवू. रविवार, सकाळी दहा, गंगापूर रोडवर माझ्या मित्राचं ऑफिस सुट्टीला रिकामं असतं, तिथे. पत्ता निरोपातून पाठवतो. कोडकाम, अटी तुम्ही घाला.

कोडकाम

दोन. जो गेम दाखवाल तो स्वतः विकत घेतलेला पाहिजे, फुकटचा असेल तर कर्त्याच्या पानावर जाऊन आवडलं ते लिहायचं. आणि पेनड्राइव्ह घरी.

सेकंडशिफ्ट_सातपूर

माझं मत बदललेलं नाही, शोध हे दुकानाचंच काम, हवं तर त्याने यादी सुधारावी. पण त्या आठवड्यात मला फर्स्ट शिफ्ट आहे, येतो. पनेटींचा गेम मी आज रात्री घेतो आणि तो परत करणार नाही. चारजीबी, तूही ये, जुना लॅपटॉप घेऊन ये.

चारजीबी

येतो. चार्जर लागेल, बॅटरी वीस मिनिटंच टिकते.