मदत हवी आहे: अडथळ्यांच्या घोडेशर्यतीत मैदान कसं वाचायचं?

पटशौकीन_साकोली

राम राम मंडळी. धानाची कापणी-मळणी आटोपली की आमच्या गावात आठ-दहा जण संध्याकाळी मोबाईलवर इंग्लंड-आयर्लंडच्या अडथळ्यांच्या घोडेशर्यती पाहतात. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे वेळ बरोबर जमतो. पैसे लावत नाही. वहीत अंदाज लिहायचा, बरोबर आला तर गुण, महिन्याच्या शेवटी ज्याचे गुण कमी त्याच्याकडे चहा-आलूबोंडा.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आम्हाला कळतो. पण पटाची दाण (धावपट्टी) सरळ, सेकंदांचा खेळ, वळण नाही, उडी नाही. इथे चार-पाच किलोमीटर, वळणं, चढ-उतार आणि वीसेक अडथळे. माझ्या अडचणी अशा:

एकच घोडा केम्प्टनच्या मैदानावर आरामात जिंकतो आणि चेल्टनहॅमच्या मैदानावर शेवटच्या चढावर खुंट्याला बांधल्यासारखा उभा राहतो. काऊन? फेव्हरिट (ज्याच्यावर बाजाराचा सगळ्यात जास्त भरवसा तो घोडा) पडला तर दोष घोड्याचा की अडथळ्याच्या जागेचा, हे कसं ओळखायचं? आणि सकाळी 6/1 भाव असलेला घोडा दुपारी 3/1 होतो तेव्हा नेमकं काय बदललेलं असतं? मैदानाचे नकाशे मिळतात, पण त्यात पाहायचं काय तेच समजत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

टापांचा_हिशोब

भाऊ, नकाशा शेवटाकडून वाचायला घ्या. शेवटचा अडथळा ते विजयरेषा या पट्ट्याला रन-इन म्हणतात. तो किती लांब आणि सपाट की चढाचा, हे आधी पाहा. निम्मा निकाल तिथे लागतो.

ऐन्ट्री मैदानावरच्या ग्रँड नॅशनल शर्यतीचा रन-इन 494 यार्ड, म्हणजे जवळपास 450 मीटर. त्याआधी साडेसहा किलोमीटरच्या आसपास पळून 30 उड्या मारून झालेल्या असतात. 1973 सालची शर्यत शोधून पाहा. क्रिस्प हा घोडा शेवटच्या अडथळ्यावर बराच पुढे होता, पण पाठीवर 12 स्टोन वजन (एक स्टोन म्हणजे 14 पौंड). मागून आलेल्या रेड रमवर 10 स्टोन 5 पौंड, म्हणजे 23 पौंड कमी. क्रिस्प रन-इनवर लडखडायला लागला आणि पाऊण लांबीनं (लांबी म्हणजे एका घोड्याच्या अंगाएवढं अंतर) हरला. रन-इन निम्मा असता तर तोच जिंकला असता. अंदाज बांधायला एक ठोकताळा ठेवा: तीन मैलांच्या शर्यतीत 1 पौंड वजन म्हणजे साधारण एक लांबी.

आता तुमचं केम्प्टन-चेल्टनहॅम. केम्प्टन सपाट, तिकोनी आकाराचं, उजव्या हाताचं, म्हणजे उजवीकडे वळत जाणारं मैदान. 26 डिसेंबरला तिथे किंग जॉर्ज ही शर्यत होते, तीन मैल, 18 अडथळे. सपाट असल्यामुळे वेग कायम राहतो. पुढे राहून झपाझप उड्या मारणाऱ्या घोड्याला श्वास पुरतो, मागच्याला त्याला गाठायला जागा मिळत नाही. चेल्टनहॅम डाव्या हाताचं, उंच-सखल. मागच्या बाजूला चढ, मग उतार, त्या उतारावर वेगात असतानाच अडथळा आणि वळून आलं की विजयरेषेपर्यंत पुन्हा चढ. तिथली गोल्ड कप शर्यत तीन मैल अडीच फर्लांगांची, 22 अडथळ्यांची. एक फर्लांग म्हणजे 201 मीटर, म्हणजे किंग जॉर्जपेक्षा अर्धा किलोमीटर जास्त, तोही चढाचा. केम्प्टनला जो घोडा शेवटच्या शे-दोनशे मीटरला जेमतेम टिकून जिंकला, तो इथे त्याच शे-दोनशे मीटरवर मरतो. घोडा वाईट नसतो, त्याची मजल तेवढीच असते.

चेल्टनहॅममध्येही दोन मार्ग आहेत. मार्चच्या महोत्सवात मंगळवार-बुधवारी ओल्ड कोर्स, गुरुवार-शुक्रवारी न्यू कोर्स. ओल्डची वळणं आखूड, तिथे चपळाईला किंमत. न्यू लांबट, तिथे दम जास्त लागतो. न्यू कोर्सच्या हर्डल (बुटक्या अडथळ्यांच्या) शर्यतीत तर शेवटच्या सहा फर्लांगांत दोनच हर्डल येतात, म्हणजे चांगल्या उडीचा फायदा आटतो आणि नुसती दौड उरते. "चेल्टनहॅमचा विजेता" एवढंच वाचून थांबू नका, कोणत्या मार्गावरचा ते पाहा.

नाल_आणि_लगाम

वरच्या प्रतिसादात अडथळ्यांच्या जागेचं राहिलं, ते मी सांगतो.

ब्रिटनमध्ये स्टीपलचेसची (उंच अडथळ्यांच्या शर्यतीची) फेन्स किमान साडेचार फूट, हर्डल किमान साडेतीन फूट. पहिल्या दोन मैलांत निदान 12 फेन्स आणि पुढच्या प्रत्येक मैलाला निदान 6 असा नियम. पण घोडा पडतो तो उंचीपेक्षा वेग आणि पावलाच्या हिशोबामुळे. चौखूर दौडताना त्याची ढांग ठरलेली असते. अडथळ्याशी ती बरोबर जुळली तर उडी सहज जाते. नाही जुळली तर एक तर लांबूनच झेप घ्यावी लागते, किंवा एक पाऊल जास्त टाकून पार बुडाशी जाऊन वर उठावं लागतं. दुसऱ्यात छाती अडथळ्याला घासते आणि वेग तुटतो.

म्हणून नकाशात असे अडथळे शोधा:

उतारावरचा. घोड्याचं वजन पुढच्या पायांवर आलेलं, वेग वाढलेला आणि उतरताना जमीन पायाखालून आणखी खाली जाते. गुडघे दुमडतात ते इथेच. याउलट चढावरचा अडथळा सगळ्यात सुरक्षित, कारण वेग आपोआप कमी होतो.

उतरण्याची बाजू खोल असलेला. ऐन्ट्रीचा बीचर्स ब्रुक हे नेहमीचं उदाहरण. घोडा हवेत जरा जास्त वेळ राहतो आणि नाक खाली झुकतं. जॉकी मागे रेलून लगाम सैल सोडतो ते घोड्याला मान लांबवून तोल सावरता यावा म्हणून.

एकापाठोपाठ लावलेले. सँडाउन मैदानावर मागच्या सरळ पट्ट्यावर रेल्वे फेन्सेस म्हणून तीन अडथळे जवळजवळ आहेत. पहिला बरोबर जुळला तर पुढचे दोन आपसूक जुळतात. पहिल्यात चूक झाली तर सावरायला पावलंच उरत नाहीत. तिथे दोन-तीन लांब्या गमावून पुढे जिंकलेला घोडा दिसला तर वहीत त्याच्यापुढे खूण करून ठेवा.

सुरुवातीनंतरचा पहिला. सुटण्याच्या जागेपासून तो लांब असेल तर झुंड पूर्ण वेगात येऊन आदळते. म्हणूनच 2024 मध्ये ग्रँड नॅशनलचा पहिला अडथळा 60 यार्ड अलीकडे आणला, घोडे 40 वरून 34 केले आणि अकराव्या अडथळ्याची उंची दोन इंच उतरवली. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. जॉकी मात्र काही खाली आले.

वऱ्हाडी_ठोका

बाकी सगळं पटलं, पण त्या डाव्या-उजव्या हाताचं लोकांनी लयच स्तोम माजवलं आहे राजेहो. डेझर्ट ऑर्किड या घोड्यानं चार किंग जॉर्ज उजव्या हाताला जिंकल्या, सगळे म्हणत डावीकडे चालणार नाही. 1989 ची गोल्ड कप डाव्या हाताला, तीही चिखलात, जिंकलाच ना?

नाल_आणि_लगाम

जिंकला, पण ओढाताण करत जिंकला. त्याच्या तोडीचा घोडा असेल तर तेवढं नुकसान पचतं, साध्या घोड्याला पचत नाही. पटाच्या जोडीतला डाव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपला की बावरतो, हे पटवाल्यांना वेगळं सांगायला नको. घोड्याचंही तसंच. डाव्या वळणावर त्याचा डावा पुढचा पाय आघाडीला असतो, उजव्या वळणावर उजवा. काही घोडे उडी मारताना नेहमी एकाच बाजूला सरकतात. उजवीकडे सरकणारा घोडा डाव्या हाताच्या मैदानावर प्रत्येक अडथळ्याला बाहेर जातो आणि परत आत येतो. एका उडीत अर्धी लांबी धरा. 22 उड्यांत 11 लांब्या. घोड्याची लांबी साधारण 2.4 मीटर, म्हणजे 26 मीटर फुकट गेले. गोल्ड कपमध्ये एवढं अंतर देऊन कोण जिंकणार?

मात्र हे ओळखायला आकडेवारी कामाची नाही. समोरून घेतलेलं चित्रण पाहा. अडथळ्याच्या मधोमध येऊन कडेला उतरतो का, तेवढंच बघायचं.

वऱ्हाडी_ठोका

समोरून बघायचं, हे पटलं.

वणीकर_गणिती

आता भावाचं. 4/1 म्हणजे एकाला चार. याचा अर्थ बाजार त्या घोड्याला 20 टक्के संधी देतो. सूत्र सोपं: खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज. 2/1 म्हणजे 33.3 टक्के, 6/4 म्हणजे 40, 6/1 म्हणजे 14.3, 9/1 म्हणजे 10. आता या पाच घोड्यांचीच शर्यत असेल तर बेरीज 117.6 येते. 100 च्या वरचे 17.6 ही बुकीची कमाई. घोडे जितके जास्त तितका हा फुगवटा मोठा. म्हणून भाव हा "खरी संधी" समजू नका, थोडा उतरवून वाचा.

चेल्टनहॅमचा चढ, ऐन्ट्रीचा रन-इन हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. ते सकाळच्या भावात आधीच धरलेलं असतं. सकाळ ते दुपार भाव हलतो तो बहुतेक जमिनीमुळे किंवा आखणीतल्या त्या दिवशीच्या बदलामुळे. एखादा घोडा ऐनवेळी काढून घेतला तरी बाकीच्यांचे भाव आखडतात, ते वेगळं धरा.

जमिनीला तिकडे गोइंग म्हणतात. फर्म, गुड, सॉफ्ट, हेवी आणि मधल्या पायऱ्या. मोजायला गोइंग-स्टिक असते. ती जमिनीत खुपसायची आणि 45 अंशांपर्यंत ओढायची. आत जायला किती जोर लागला आणि माती फाटायला किती, त्यावरून आकडा निघतो. चिकण मातीचं मैदान पाणी धरून ठेवतं, वाळूसर लवकर निचरतं. त्यामुळे एकाच पावसानं दोन मैदानांवर वेगळा परिणाम होतो. हेवी जमिनीत तीन मैलांची शर्यत दमाच्या हिशोबानं आणखी लांब समजा, आणि शेवटी चढ असेल तर फक्त वेगावर जिंकणारे घोडे वहीतून सरळ खोडा.

दुसरा बदल कठड्याचा. गवत वाचवायला वळणावरचा आतला कठडा बाहेर सरकवतात. मग फेरी लांबते, कधी शंभर यार्डांहून जास्त. हे त्या दिवशी जाहीर होतं. अशा दिवसाची वेळ आधीच्या शर्यतीशी ताडून पाहणं व्यर्थ.

तिसरा बदल मला सगळ्यात मजेचा वाटतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली असतो आणि थेट घोड्यांच्या डोळ्यांवर येतो. तेव्हा त्या सरळ पट्ट्यावरचे अडथळे वगळतात. समजा शेवटचे दोन गेले, तर रन-इन एकदम लांब होतो, कच्च्या उडीचा पण वेगवान घोडा तरतो आणि उडीच्या जोरावर जिंकणारा अडकतो. घोषणा बहुतेकदा उशिरा होते, म्हणून भाव तेव्हाच उड्या मारतो. तुमच्या वहीत अंदाज बदलायला शर्यतीआधी दहा मिनिटांची मुभा ठेवा, नाहीतर हा सगळा अभ्यास वाया.

पटशौकीन_साकोली

लय उपकार मंडळी, नकाशा आता बोलायला लागला. एक शेवटचं: घोड्याच्या नावापुढे 1, 3 अशा आकड्यांमध्ये एफ, यू, पी अशी इंग्रजी अक्षरं असतात. पडल्याचा दोष कोणाचा, ते यातून कळतं का?

टापांचा_हिशोब

थोडंफार कळतं. एफ म्हणजे घोडा स्वतः पडला. यू म्हणजे जॉकी खाली आला, घोडा उभा राहिला. पी म्हणजे दमल्यामुळे किंवा दुखल्यामुळे मध्येच थांबवला. बी म्हणजे दुसऱ्या पडलेल्या घोड्यामुळे हा आडवा झाला, यात त्याचा दोष शून्य, पण लोक एफसारखाच धरतात आणि पुढच्या वेळी भाव जरा जास्त मिळतो. आर म्हणजे नकार दिला. नावाजवळ सीडी असेल तर त्याच मैदानावर, त्याच अंतरावर जिंकलेला. दोन वेगवेगळ्या शर्यतींत मैदान आणि अंतर जिंकलं असेल तर सी आणि डी सुटे येतात. बीएफ म्हणजे फेव्हरिट असून हरलेला.

एफ दिसला की लगेच खोडू नका. कोणत्या क्रमांकाच्या अडथळ्यावर पडला ते शोधा. उतारावर, वेगात, शर्यतीच्या शेवटी पडला आणि आता सपाट मैदानावर येत असेल तर ते एफ माफ. सुरुवातीच्या साध्या अडथळ्यावर दोनदा पडला असेल तर मैदान कोणतंही असो, दूर राहा.

मोठ्या झुंडीत तर अक्षरांवर फार विसंबूच नका. 1967 च्या ग्रँड नॅशनलमध्ये 23 व्या अडथळ्यावर, म्हणजे तिथल्या सगळ्यात बुटक्या अडथळ्यांपैकी एकावर, मोकाट घोडा आडवा गेला आणि सगळी झुंड एकमेकांवर चढली. बराच मागे असलेला 100/1 चा फॉइनाव्हन वाट काढून निघाला आणि जिंकला. अशा शर्यतीत "पहिला कोण" याऐवजी "पहिल्या चारांत कोण" याला गुण द्या. तिकडे 16 किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवतात ती शर्यत) ईच-वे पैज (निम्मी जिंकण्यावर, निम्मी पहिल्या जागांत येण्यावर) चार जागांपर्यंत चौथाई भावानं चुकवतात, तोच हिशोब वहीत धरला की जमतं. यंदाची ग्रँड नॅशनल आपल्याकडे रात्री साडेआठला सुटेल, कारण तिकडे आता ती दुपारी चारला असते.

संपादक_मंडळ

धागा उपयुक्त आहे, चालू ठेवतो. मात्र ॲपचे दुवे किंवा पैसे लावण्याचे मार्ग इथे विचारू नका, सांगू नका. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर 2025 च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. शंकरपटावर पैजा लावायलाही परवानगी नाही. असे दोन प्रतिसाद आत्ताच उडवले आहेत.

वणीकर_गणिती

एक राहिलं. वहीत मैदानाच्या नावापुढे चार रकाने आखा: हात, रन-इन, शेवटी चढ की सपाट, माती. सँडाउन लिहायचं तर उजवा आणि शेवटी चढ. केम्प्टन उजवा आणि सपाट, चेल्टनहॅम डावा आणि चढ. फॉन्टवेलची फेन्सची वाट इंग्रजी आठाच्या आकाराची, तिथे हाताच्या रकान्यात "दोन्ही" लिहा. कार्टमेलचा रन-इन जवळपास अर्धा मैल आहे, तिथे शेवटच्या उडीनंतर कोण पुढे आहे ते पाहून आधीच ओरडू नका.