बोर्ड चालतो, पण खालची जमीन बघा

‘खेळण्याच्या फळीवर रुग्णाचा तोल मोजणं म्हणजे पोरखेळ’ असं काही जण म्हणतात, ते मला पटलं नाही. निन्टेन्डोच्या वी बॅलन्स बोर्डात, म्हणजे व्हिडिओ गेमसाठी बनवलेल्या, वर उभं राहायच्या फळीत, चार कोपऱ्यांत चार वजनाचे सेन्सर असतात; त्यांवरून शरीराचा भार पावलांखाली कुठे सरकतोय ते कळतं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१० मध्ये तो महागड्या फोर्स प्लॅटफॉर्मशी, म्हणजे पावलांखालचा जोर मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या यंत्राशी, ताडून पाहिला, आणि नुसतं उभं राहण्याच्या चाचणीत मापं चांगली जुळली. आडवा जोर मात्र तो मोजत नाही.

यवतमाळकडच्या खेड्यांत शिबिरं घेताना आम्हाला खरी अडचण आली ती जमिनीची. सारवलेल्या ओसरीवर किंवा उखडलेल्या फरशीवर बोर्डच डुलतो आणि म्हाताऱ्या माणसाचा तोल आहे त्याहून वाईट दिसतो. शाळेतली सिमेंटची सपाट खोली मागून घ्या. सेलवर चालतो, त्यामुळे लाईन गेली तरी बोर्ड बंद पडत नाही, हे आपल्याकडे फार मोलाचं. आणि मोजणी डोळे उघडे ठेवून व मिटून, दोन्ही घ्याच. मधुमेहानं तळपाय बधिर झालेली आजी डोळे उघडे असताना छान उभी राहते, मिटले की झुलायला लागते. रात्री अंधारात परसात जाताना ती का पडते, हे घरच्यांना तेव्हा बोर्डाला जोडलेल्या पडद्यावर दिसतं. डोळे मिटायला सांगताना मागे धरायला एक माणूस उभा हवाच.